वटवट्याचे दीड ग्रॅम

रविवार, ४

पहाटे चार पन्नासला तलावावर पोचलो. पाच वाजून बारा मिनिटांनी पाचही जाळी उभी. गेल्या वर्षी याच कामाला एकतीस मिनिटं लागली होती, आज बावीस. कुणी विचारलेलं नाही, पण नोंद असावी.

महिनाअखेरीस माझी परीक्षा आहे. पक्षी-अभ्यास केंद्राच्या परीक्षक बाई दोन सकाळी येऊन काम बघणार, रजिस्टर चाळणार, आणि पटलं तर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा स्वतंत्र परवाना देणार. आजवर मी मास्तरांच्या परवान्यावर हात चालवतोय. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. चाळीस मोसम या तलावाकाठी त्यांनी जाळी लावली. आता त्यांचे गुडघे गेले. घडीच्या खुर्चीवर बसून लांबून बघतात. या मोसमानंतर ते परवाना परत करणार आहेत. म्हणजे मला मिळाला नाही, तर काठच्या उंच बोरूगवताच्या या बेटात पुन्हा जाळं लागणार नाही. चाळीस वर्षांची नोंद तिथेच थांबली. हे मी बाहेर बोलून दाखवत नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

काम असं. जाळं केसासारख्या बारीक दोऱ्याचं, उभ्या बोरूत दिसतच नाही. पक्षी त्यात अलगद पडतो. दर वीस मिनिटांनी फेरी मारून त्याला काढायचं, पायाकडून, ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने. कापडी पिशवीत घालून टेबलाशी आणायचं. आधी पिशवीसकट तोलायचं. मग नंबराची कडी, पट्टीवर पंखाची लांबी, आणि छातीवर फुंकर मारून, पिसं बाजूला झाली की कातडीखाली चरबी किती दिसते ते शून्य ते आठ गुणांत सांगायचं. की सोडून दिला.

मी बोलतो, ही लिहिते. ही म्हणजे माझी बायको. शिवणकाम करते, त्यामुळे नजर बारीक आणि अक्षर त्याहून बारीक. नोंद करणारी म्हणून प्रत्येक पानाखाली तिची सही असते.

पिशव्यांच्या बाबतीत मात्र मी मास्तरांच्या एक पाऊल पुढे गेलोय. ते प्रत्येक पक्ष्यानंतर रिकामी पिशवी पुन्हा तोलायला सांगतात. फुकटचा वेळ जातो. मी सव्वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. आठवीनंतर शाळा सुटली, काटे उघडून उघडून शिकलो, आणि आज तीन तालुक्यांतले दुकानदार काटा बिघडला की माझंच दार ठोठावतात. रिकाम्या भांड्याचं वजन आधी काढून ठेवायचं, त्याला आमच्यात धडा करणं म्हणतात. ते काय मला शिकवायला हवं? हिने शिवलेल्या वीस पिशव्या मी काल दुकानातल्या सर्वांत चोख काट्यावर तोलल्या. खिडकी बंद, पंखा बंद, श्वाससुद्धा रोखून. प्रत्येकीवर पक्क्या शाईने आकडा घातला. ८.२, ८.४, ८.१. आता टेबलाशी फक्त वजाबाकी.

ही म्हणाली, "मास्तर तर पुन्हा तोला म्हणाले होते."

मी म्हटलं, "मास्तर चित्रकलेचे. वजन माझ्याकडे."

"बरं," म्हणाली.

आज छत्तीस पक्षी. त्यातले एकोणतीस वटवटे: तपकिरी, चिमणीहून लहान, अखंड बडबड करणारे. सरासरी वजन ११.४ ग्रॅम. महिन्याभरात ही पाखरं समुद्र ओलांडून जातील. अकरा ग्रॅम म्हणजे दोन पोस्टकार्डं आणि वर थोडं. मी तोलून बघितलंय.


मंगळवार, ६

खंड्या सापडला. मास्तरांनी खुर्चीतूनच विचारलं, "काटेवाले, चावला का?" मला ते काटेवाले म्हणतात. चावला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. तरी हात हलू दिला नाही. निळा रंग असा की ही लिहायचं सोडून बघत राहिली. मी दोनदा "पंख अठ्ठ्याहत्तर" म्हटलं, तेव्हा कुठे पेन्सिल चालली.


शनिवार, १०

पावसाळा सरला. दुपारी अजून अंग भाजतं, पण पहाट गार. गवतातून जाताना बूट भिजले.

आज सरासरी ११.९. आठवड्यात अर्धा ग्रॅम वाढ. मी ती तीनदा काढली. अर्धा ग्रॅम म्हणजे चेष्टा नाही. माणसाच्या हिशोबात बघायचं तर आठवड्यात तीन किलो. पाखरं प्रवासाची तयारी करतायत, आणि ती या आपल्या बेटात करतायत.

एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. फुंकर मारली की चरबी दिसत नाही. गुण शून्य, फार तर एक. मास्तर म्हणाले, "वजन वाढलं आणि चरबी नाही? पुन्हा बघ." पुन्हा बघितलं. शून्य. मग मीच विचार केला. चरबी नसेल, तर स्नायू. ही पाखरं छातीच्या स्नायूंत साठा करत असावीत. असं कुठे वाचलेलं नाही, म्हणजे बहुधा कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, "स्नायू होय." आणि समासात काहीतरी लिहिलं. रोजच लिहिते, पाखरू सोडून मी पुढच्या फेरीला निघालो की. बारीक आकडे असतात. शिवणाची मापं असावीत. वहीचा समास वाया जायला नको म्हणून मीही काही बोलत नाही.


बुधवार, १४

दुकानात फळवाला आला. तावातावाने. म्हणाला, "तुम्ही दुरुस्त केलेला काटा सकाळी खोटं बोलतो आणि दुपारी खरं. सकाळी पेटी भरते साडेबावीस किलो, दुपारी तीच पेटी, तेवढीच फळं, एकवीस. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर बोलतंय."

मी काटा हातात घेतला नाही. काटा निर्दोष, हे मला बसल्या जागी कळलं. विचारलं, "पेट्या रात्री कुठे असतात?"

"अंगणात."

"उघड्यावर?"

"मग काय गादीवर झोपवू?"

म्हटलं, "लाकडी पेटी दव पिते. तुम्ही धडा केलाय कोरड्या पेटीचा, तोलताय ओली. वाढलंय ते पाणी. काट्याचा काय दोष?"

त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "एवढं साधं माझ्या कसं डोक्यात आलं नाही?"

मी म्हटलं, "त्याला सवय लागते." चहा पाजून पाठवला. अशा वेळी आपलं शिक्षण शाळेत झालं नाही याचं वाईट वाटत नाही.


रविवार, १८

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

तिसऱ्या फेरीत एक वटवट्या सापडला, त्याच्या पायात आपलीच कडी. शेवटचे आकडे ४१७. चार तारखेचा. तेव्हा ११.३ होता, आज १२.७. तोच पक्षी, तीच जागा, चौदा दिवस, एक पूर्णांक चार ग्रॅम. सरासरीवर कुणी शंका घेईल, पण एकाच पाखरावर काय घेणार? चरबी शून्य. स्नायूंची गोष्ट पक्की झाली असं मी समजतो.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, बस चालवतो, सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या हातचा चहा प्यायला थेट तलावावर येतो. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "दाजी, तुमच्या पाखरांनी जिम लावली का काय?"

"हसा," मी म्हटलं. "छापून येईल तेव्हा वाचा."

"येऊ दे. मी बसमध्ये चिकटवतो." मग हिच्याकडे वळून, "ताई, तू कशाला कुडकुडत बसतेस? पेन्सिल गळतेय तुझ्या हातातून."

"गारठलेय रे. सगळंच ओलं आहे इथलं," ती म्हणाली आणि पिशवी पिळल्यासारखी करून दोरीवर टाकली.

मी तिला माझा स्वेटर दिला. तिने घातला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या.


मंगळवार, २०

परीक्षक बाईंना चार पानी पत्र पाठवलं. सोबत आलेख. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर वजन. बिंदू एका सरळ रेषेत असे चढत गेलेत की पट्टी न लावता ओढल्यासारखे दिसतात. स्नायूंबद्दलचा माझा विचार शेवटच्या परिच्छेदात, नम्रपणे. तीनदा लिहून नम्र केला.


गुरुवार, २२

बाईंचं उत्तर आलं. दोन ओळी. "आलेख मिळाला. चरबीचे गुण आणि वजन यांची सांगड तुम्ही कशी घालता यावर समक्ष बोलू." बोलू म्हणतात, म्हणजे रस वाटलाय. मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं, आणि "हं" म्हणाले. वयानुसार माणूस कमी बोलायला लागतो.

आजची सरासरी १२.९. चारशेसतरा पुन्हा आला, १२.८. आता तो मला ओळखतो असं वाटतं. ही म्हणाली, "तुम्हाला नाही, जाळ्याला ओळखतो. तरी पडतो बिचारा."


शुक्रवार, २३

काहीतरी बिनसलंय.

रात्रभर वारा होता, गरम, कोरडा. पहाटे गवतातून गेलो तर बूट कोरडे. पक्षी कमी, बावीस. आणि सरासरी ११.५.

काल १२.९, आज ११.५. आधी वाटलं, नवे पक्षी आले असतील, दमलेले, लांबून. तेवढ्यात चारशेसतरा आला. ११.४. पंख तोच, कडी तीच. एका रात्रीत एक पूर्णांक चार ग्रॅम गेला कुठे? माणसाच्या हिशोबात आठ-नऊ किलो. आजारी म्हणावा तर सोडल्यावर असा काही उडाला, की माझ्या हातावर काय टाकून गेला ते इथे लिहीत नाही.

काटा बिघडला. दुसरं काय असणार? थेट दुकानात नेला. शटर अर्धंच उघडलं, गिऱ्हाईक नको होतं. काटा उघडला, साफ केला, पितळी वजनं ठेवली. दहा ग्रॅमला दहा. वीसला वीस. एक ग्रॅमला एक. पुन्हा उलट्या क्रमाने. निर्दोष. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काटा बिघडलेला निघावा असं वाटत होतं.

घरी गेलो. ही मशीनवर होती.

मी म्हटलं, "काटा बरोबर आहे."

"असणारच."

"मग?"

तिने मशीन थांबवलं. दोरा तोडला. रजिस्टर आणलं, कालचं पान उघडलं आणि समासावर बोट ठेवलं. "सात नंबरची पिशवी. तुम्ही तिच्यावर ८.२ लिहिलंय. काल पाखरू सोडल्यावर मी तोलली, ९.६ भरली. आज ८.२. दवात लटकतात ना त्या. सुती आहेत."

मी समास बघितला. मग मागचं पान. त्याच्या मागचं. चार तारखेपासून प्रत्येक ओळीपुढे एक आकडा. चारला ८.२. दहाला ८.७. अठराला ९.५.

"मला का नाही सांगितलंस?"

"चारलाच सांगितलं. वजन तुमच्याकडे म्हणालात." हे ती रागाने म्हणाली नाही, त्यामुळे मला रागावता आलं नाही. "म्हटलं लिहून ठेवावं. लागलं तर असेल."

फळवाल्याबद्दल मी या वहीत नऊ दिवसांपूर्वी जे लिहिलं आहे, ते पान उघडून वाचलं. पुन्हा वाचणार नाही.


शनिवार, २४

लिहिण्यासारखं काही नाही.


रविवार, २५

जाळी लावली नाहीत. मास्तरांना निरोप दिला, पोट बिघडलंय.

हिच्या समासातले आकडे घेऊन सगळी वजनं नव्याने काढली. तीनशे सात वटवटे. पहिल्या आठवड्यात ११.४, शेवटच्या आठवड्यात ११.६. म्हणजे वाढ दोन दशांश. म्हणजे वाढ नाही. चारशेसतरा तीन आठवडे होता तेवढाच आहे. माझा आलेख पाखरांचा नव्हता, दवाचा होता. रात्री गार होत गेल्या, पिशव्या ओल्या होत गेल्या आणि मी रेघ ओढत गेलो.

दुपारी नवं कोरं रजिस्टर आणलं. विचार असा होता: सगळ्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवाव्यात, बरोबर वजनासकट. पिशवीचा वेगळा रकाना घालावा, पहिल्या दिवसापासून. खोटं त्यात काहीच नाही, सगळे आकडे खरे. पत्रातला आलेख कच्चा होता असं बाईंना सांगता येईल. तसा तो होताच. सहा पानं उतरवली. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, हे कुणीही सांगेल.

संध्याकाळी हिच्यापुढे ठेवलं. "सही कर."

तिने पानं उलटली. एकेक ओळ बोटाने तपासली. आकडे बरोबर होते, तिचेच होते. मग म्हणाली, "याच्यावर कशी करू? हे मी लिहिलेलं नाही."

"आकडे तर तुझेच आहेत."

"आकडे माझे आहेत. लिहिलंय तुम्ही, आज दुपारी बसून. सही म्हणजे मी तिथे बसून, तेव्हा लिहिलं. मला थंडी वाजत होती तेव्हाचं ते आहे."

मी म्हटलं, "तुला माहितीये परवाना नाही मिळाला तर काय होईल? मास्तर सोडतायत. जागाच बंद होईल. चाळीस वर्षांचं काम."

"माहितीये."

"मग?"

"मग काही नाही. मी सही करणार नाही एवढंच. तुम्ही तुमचं ठरवा." आणि जेवायला वाढलं. भाजीत मीठ बरोबर होतं. ते तिच्या हातून कधीच चुकत नाही, आणि तोलत तर ती काहीच नाही.


बुधवार, २८

दोन दिवस नवं रजिस्टर टेबलावर पडून होतं. येता-जाता दिसायचं. काल त्यात शिवणाची मापं लिहायला हिला देऊन टाकलं. पहिली सहा पानं फाडून.

आज जुनं घेतलं. मास्तरांचा नियम आहे की नोंद खोडायची नाही. चुकली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, पुढे सही. मी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं. तीनशे सात रेघा. दुपारी अडीचला सुरू केलं, सातला संपलं. साधारण एकशेऐंशीव्या रेघेनंतर लाज वाटायची थांबते. नंतर हात फक्त रेघ ओढतो. सरळ ओढतो, एवढं मात्र म्हणेन.

शेवटच्या पानावर लिहिलं: "पिशवी प्रत्येक वेळी न तोलल्यामुळे वजने चुकली. चूक माझी. दुरुस्ती नोंद करणारीने त्याच वेळी टिपलेल्या आकड्यांवरून." खाली माझी सही. तिने न सांगता शेजारी आपली केली.

मग मास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की आतून त्यांची सून बघायला आली. म्हणाले, "काटेवाले, माझी पट्टी माहितीये? लाकडी. पहिल्या वर्षी टोकाला झिजलेली होती, दोन मिलिमीटर. पूर्ण मोसमभर माझे सगळे पक्षी लांब पंखांचे. मी केंद्राला कळवलं होतं की नवी जात सापडली."

"मग?"

"मग काय. त्यांनी नवी पट्टी पाठवली."

येताना विचारलं, तुम्हाला माझं आधी कळलं होतं का. म्हणाले, "शंका होती. पण तू बोलू देशील तर ना."


शनिवार, ३१

परीक्षेचा पहिला दिवस.

परीक्षक बाई सव्वापाचला आल्या. बुटक्या, राखाडी केस कानापर्यंत कापलेले, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. एरवी बियाणांच्या प्रयोगशाळेत काम करतात. बोलतात कमी, बघतात सगळं. मी गाठ कशी मारतो तेसुद्धा बघितलं.

मी अकरा वाक्यं तयार करून गेलो होतो. ठरवलं होतं, त्यांनी विचारायच्या आत सांगायचं. पण पहिल्याच फेरीत एक पाखरू वाईट अडकलं. वटवट्याच्या जिभेला मागे काटे असतात, दोरा त्यात बसला होता. घाई केली तर जीभ जाते. मी त्याचं डोकं दोन बोटांत धरलं, गवताची काडी घेतली आणि दोऱ्याचा वेढा एका बाजूने सैल करत गेलो. चार मिनिटं लागली असतील. बाई मागे उभ्या होत्या हे मी विसरलो. खरंच विसरलो. दोरा सुटला, पाखराने चोच मिटली, उघडली, आणि मला एक सणसणीत चावा घेतला. बरं वाटलं.

बाई म्हणाल्या, "हे कुठे शिकलात?"

"घड्याळाएवढ्या काट्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा असतात," मी म्हटलं. "तिथे."

टेबलाशी आलो. अकरापैकी तीनच वाक्यं आठवली. म्हटलं, "बाई, माझा आलेख चुकला. पाखरं वाढली नाहीत, पिशव्या ओल्या झाल्या. मी त्या तोलल्या नाहीत." रजिस्टर पुढे केलं.

त्यांनी पहिल्या पानापासून बघितलं. लाल रेघा. मग समास. "हे समासातले कोणाचे?"

"हिचे."

"तुम्ही सांगितलं होतं लिहायला?"

इथे माझी जीभ क्षणभर अडकली. मास्तर खुर्चीत होते. मेहुणाही आला होता, नेमका आजच. ही पेन्सिलीला टोक काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "मी नको म्हटलं होतं."

बाई म्हणाल्या, "मला आलेख बघूनच कळलं होतं. चरबी नाही आणि इतकी सरळ रेष."

"मग पत्रात का नाही लिहिलंत?"

"तुम्हाला कळतं का ते बघायचं होतं."

"मला नाही कळलं. हिला कळलं."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या आणि पुढचा पक्षी मागितला.


रविवार, १

दुसरा दिवस. एकेचाळीस पक्षी, एकही इजा नाही. प्रत्येक पिशवी प्रत्येक वेळी तोलली. सबंध सकाळभरात चौदा मिनिटं जास्त लागली. चौदा मिनिटांसाठी मी एवढं केलं होतं.

पक्षी सोडल्यावर बाई हिच्या शेजारी बसल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी जाळी गुंडाळत होतो, ऐकू येत नव्हतं. विचारलं तर ही म्हणाली, "सुती पिशवीऐवजी कुठलं कापड वापरावं ते विचारत होत्या."

"परवान्याचं काही?"

"ते तुमचं ना. मी कशाला विचारू."

परत येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, काय वाटतं?" म्हटलं, पन्नास टक्के. तो म्हणाला, "तोलून सांगताय की अंदाजे?" त्याला बसस्टँडला सोडेपर्यंत तोंड गंभीर ठेवलं. पण हसू आलं होतं.

रात्री एक गोष्ट डोक्यात आली. पाखरं आपल्याकडे वजन वाढवत नाहीत हेही कळलंच की. मास्तरांच्या चाळीस वर्षांत ते कुणी मोजलेलं नव्हतं. इथे ती जुनी पिसं टाकतात, नवी घालतात, आणि पोट भरायला दुसरीकडे कुठेतरी थांबतात. माझ्या शोधाहून हे लहान आहे. पण हे खरं आहे, आणि याच्या प्रत्येक आकड्याखाली दोन सह्या आहेत.


गुरुवार, १२

बेटात आता वटवटे नाहीत. तीन दिवस झाले. चारशेसतरा शेवटचा दिसला तो सहा तारखेला. बोरू वाऱ्यावर वाजतो तेवढाच आवाज.

आज टपालाने पाकीट आलं. दुकानात उघडलं नाही. घरी नेलं, हिच्या हातात दिलं. तिने कात्रीने कापलं, वाचलं, आणि खुर्चीत बसली. मला वाटलं गेलं. मग तिने कागद माझ्याकडे फिरवला.

परवाना. माझ्या नावाचा, शिक्क्यासकट, तलाव आणि बोरूच्या बेटासाठी, पाच वर्षं. मी दोनदा वाचला. मग खाली 'शेरा' म्हणून एक ओळ होती ती वाचली.

"परवानाधारकाने वजने घेताना रिकामी पिशवी नोंद करणाऱ्या व्यक्तीनेच प्रत्येक वेळी तोलून आकडा लिहिणे बंधनकारक राहील. परवानाधारकाने स्वतः तोलू नये."

स्वतः तोलू नये. सव्वीस वर्षांचा काटेवाला, आणि सरकारी शिक्क्याखाली लिहून मिळालंय.

ही माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "फ्रेम करताना खालची ओळ आत दुमडता येईल. कुणाला दिसायची नाही."

म्हटलं, "ते खोडल्यासारखंच होईल."

संध्याकाळी मास्तरांना दाखवला. त्यांनी शेऱ्यावरून बोट फिरवलं. "बाईंनी जागा राखली," एवढंच म्हणाले आणि कोपऱ्यातल्या बांबूंकडे बोट केलं. मी त्यांची खुर्ची आणि जाळ्यांचे बांबू घरी आणले. खुर्ची नेऊ का विचारलं तर म्हणाले, "खुर्ची तिथे लागेलच. मी येणार आहे."


शनिवार, १४

परवाना पूर्ण कागदाच्या मापाची फ्रेम करून घेतला. दुमडला नाही. दुकानात, कामाच्या टेबलाच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर लावला. पाणसळ लावून बघितलं, सरळ आहे.

अकराच्या सुमाराला भाजीवाली काटा घेऊन आली. नवीन गिऱ्हाईक. मी स्क्रू काढत होतो तोवर तिने फ्रेमसमोर उभं राहून सगळं वाचलं. शेवटची ओळ मोठ्याने वाचली, अक्षर लावत लावत. मग माझ्याकडे वळली.

"म्हणजे भाऊ, तुमच्या काट्यावर भरवसा ठेवायचा की नाही?"

मी म्हटलं, "काट्यावर डोळे मिटून ठेवा. माझ्यावर ठेवायचा असेल तर घरी हिला विचारावं लागेल."

ती म्हणाली, "आमच्याकडेही तसंच आहे," आणि काटा ठेवून गेली. दोन दशांश कमी दाखवत होता. सरळ केला.